चिल्लर खुर्दा

पानिपतच्या संहाराची वार्ता दक्षिणेत घेऊन आलेल्या एका सावकारी पत्राची हकीकत मराठी मुलाला शाळेच्या बाकावरच भेटते. १४ जानेवारी १७६१ रोजी जे घडले ते उघड शब्दांत कागदावर उतरवणे धोक्याचे होते, म्हणून पत्रलेखकाने पेढीवरची परिभाषा पत्करली, आणि दोन मोती गळाल्याचे, काही मोहरा गमावल्याचे व चिल्लर खुर्द्याची तर गणतीच लागत नसल्याचे कळवले, असे परंपरा सांगते. पत्राच्या शब्दांत पाठभेद आहेत. मोहरांची संख्या तर सांगणाऱ्यागणिक बदलते. परंतु मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार, एवढा उलगडा आमच्या मास्तरांनी फळ्यावर लिहून दिला होता आणि परीक्षेतही तेवढाच विचारला जाई. खुर्दा म्हणजे कोण, हा प्रश्न कोणत्याही प्रश्नपत्रिकेत आल्याचे मला स्मरत नाही.

गणती नसणे या शब्दप्रयोगाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक अर्थ असा की वस्तू इतक्या आहेत की मोजता मोजता मोजणारा थकेल. दुसरा असा की त्या वस्तू कोणाच्या गणतीतच नाहीत, त्या मोजण्याचे कारण कोणाला पडलेले नाही. पेढीवरच्या त्या लेखकाच्या मनात यांपैकी कोणता अर्थ होता हे आज सांगता येणार नाही, आणि कदाचित त्यालाही त्या घाईत ते उमगले नसेल. पण युद्धाने माणसांकडून वसूल केलेल्या किमतीविषयी गेल्या शंभर-दीडशे वर्षांत निरनिराळ्या भाषांत ज्या लघुकथा लिहिल्या गेल्या, त्यांतल्या मला मोलाच्या वाटणाऱ्या बहुतेक सगळ्या या दोन अर्थांच्या फटीत उभ्या आहेत. आणि त्यांतल्या ज्या फसल्या, त्या का फसल्या याचाही उलगडा मला त्या फटीतूनच होतो.

आमच्या साताऱ्याकडच्या गावात, चावडीच्या दाराच्या डाव्या अंगाला, हातभर लांबीची एक संगमरवरी पाटी भिंतीत बसवलेली होती. तिच्यावरचा मजकूर इंग्रजी, आणि तोही त्रोटक: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके पुरुष गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. पुढे नोकरीच्या निमित्ताने मुलूख पालथा घालताना कोकणात आणि देशावर अशा पाट्या मी आणखीही पाहिल्या, तेव्हा ध्यानात आले की सरकारी छापील नमुन्याप्रमाणे वाक्य सर्वत्र तेच, निराळे असत ते दोन आकडे तेवढे. आमच्या पाटीवर नाव एकही नव्हते. शिवाय कोरलेल्या अक्षरांत भरलेले काळे रोगण झिजून गेलेले, आणि दर दिवाळीला भिंतीबरोबर पाटीवरूनही चुन्याचा कुंचला फिरे, त्यामुळे मेलेल्यांच्या संख्येतला शेवटचा अंक इंग्रजी तीन आहे की इंग्रजी आठ, यावर आम्हां पोरांत वाद चाले. एकदा तो पैजेपर्यंत गेला आणि कोळशाने अंक गिरवून पाहण्यात आला, तरी निकाल लागेना. प्रश्न पाच माणसांचा आहे, हे त्या वेळी आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आले नाही.

त्या गावात बसरा हा शब्द दोन ठिकाणी ऐकू येई. आजीच्या नथीतले मोती बसऱ्याचे होते, आणि ती नथ डबीतून काढताना घरातल्या बायकांचा आवाज आपोआप खाली येई. दुसरा बसरा आळीच्या टोकाला राहणाऱ्या आक्कांचा. आक्कांचे कारभारी बसऱ्यास राहिले, असे मोठी माणसे म्हणत. आणि राहिले म्हणजे तेथे घरदार करून वस्तीला राहिले असाच माझा कित्येक वर्षे समज होता.

आक्कांचे कारभारी जिच्यात राहिले ती मोहीम इतिहासाच्या पुस्तकात मेसोपोटेमियाची म्हणून येते. टायग्रिसच्या वळणावरच्या कुत-अल-अमारा या गावात जनरल टाउनशेंड याची सहावी पुणे डिव्हिजन ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढ्यात अडकून पडली होती, आणि त्या वेढ्यात १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या तिन्ही मराठा पलटणी होत्या. धान्य सरत आले तसे घोडी कापण्यात आली. ते मांस खावे की न खावे या धर्मसंकटात हिंदी शिपायांचे कितीतरी आठवडे उपासमारीत गेले. अखेर तेराएक हजार माणसे तुर्कांच्या स्वाधीन झाली. शिपायांना वाळवंट तुडवीत उत्तरेकडे चालवण्यात आले व त्यांतले असंख्य त्या वाटेवर आणि पुढच्या छावण्यांत आमांश, ताप व भूक यांनी मेले. सेनापती महाशयांची व्यवस्था मात्र इस्तंबूलजवळच्या एका बेटावर, त्यांच्या इतमामास साजेशी लावण्यात आली. मोती सुखरूप राहिला असेही कधी कधी घडते.

या मोहिमेतल्या ज्या मृतांना थडगे मिळाले नाही त्यांच्यासाठी बसऱ्याला एक भव्य स्मारक उभारण्यात आले आणि १९२९ साली त्याचे अनावरण झाले. चाळीस हजारांहून अधिक मृतांचे ते स्मारक. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली, हिंदी अंमलदारांचीही कोरली. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या दिली. त्याच साम्राज्याने, त्याच दशकात, फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल येथे उभारलेल्या स्मारकावर चार हजार सातशेंहून अधिक हिंदी मृतांची नावे एकेक करून कोरली, तेव्हा नावे मिळवण्याची अडचण होती असे म्हणण्यास जागा उरत नाही. युरोपातल्या भिंतीसमोरून युरोपातली माणसे जाणार होती; बसऱ्याच्या भिंतीसमोर आक्का थोड्याच उभ्या राहणार होत्या! हा पक्षपात झाला, असे युद्धस्मारकांचा कारभार पाहणाऱ्या आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात स्वतःच मान्य केले. कबुलीला शंभर वर्षे लागली.

सरकारी दप्तराची ही रीत झाली. साहित्यातही खुर्द्याला जागा सहजासहजी मिळालेली नाही. महाकाव्याला मोती लागतात. कादंबरीलाही, ती कितीही लोकाभिमुख असली तरी, एखादा असा माणूस लागतो की ज्याच्याभोवती चारशे पाने फिरू शकतील, ज्याच्या शिक्षणाला, प्रेमाला, मोहभंगाला आणि पश्चात्तापाला ऐसपैस अवकाश देता येईल. आणि असा अवकाश ज्याला मिळाला तो त्या मिळण्यानेच खुर्द्यातून वर उचलला जातो. पोवाड्याची आणि बखरीची गोष्ट तर विचारायलाच नको. लघुकथेचे घर मुळातच दोन खणांचे. त्यात एक रात्र, एक स्वयंपाकघर, फार तर आगगाडीचा एक डबा मावतो. तिला माणसाची ओळख होते न होते तोच निरोप घ्यावा लागतो. हा तिचा तोकडेपणाच युद्धाच्या बाबतीत तिच्या कामी येतो असे माझे मत आहे, कारण युद्धात बहुतेक माणसांची ओळख तेवढीच होते.

चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’ ही हिंदी कथा १९१५ साली ‘सरस्वती’ मासिकात आली, तेव्हा महायुद्ध पेटून पुरते वर्षही झाले नव्हते. गुलेरी हे संस्कृताचे पंडित. पण कथेची सुरुवात त्यांनी अमृतसरच्या बाजारातल्या गाडीवानांच्या गोड शिवराळपणापासून केली, आणि त्या गर्दीत बारा वर्षांचा एक मुलगा व आठ वर्षांची एक मुलगी यांची दुकानाच्या पायरीवर गाठ घालून दिली. मुलगा तिला भेटेल तेव्हा एकच थट्टेचा प्रश्न विचारतो, तुझा साखरपुडा झाला का. आणि एके दिवशी ती खरोखरच हो म्हणते. पंचवीस वर्षांनी तो मुलगा शीख पलटणीचा जमादार लहनासिंग म्हणून युरोपातल्या चिखलात उभा आहे, त्याच खंदकात त्या मुलीचा नवरा सुभेदार आहे, तिचा जगलेला एकुलता मुलगा बोधा तापाने फणफणला आहे, आणि या दोघांना सांभाळ म्हणून तिने निघताना लहनासिंगापुढे पदर पसरलेला आहे. आपली कांबळी आणि गरम बंडी त्या पोराच्या अंगावर घालून, लेफ्टनंटाच्या वेशात आलेल्या जर्मनाचे सोंग ओळखून, बरगडीतली जखम सुभेदारापासून लपवून, बापलेकांना जखमींच्या गाडीत चढवून देऊन हा माणूस मागे राहतो. नंतर काही दिवसांनी वर्तमानपत्रात मृतांची अडुसष्टावी यादी छापून येते, तीत रणांगणावर जखमांनी मेलेल्या सत्त्याहत्तर नंबरच्या शीख पलटणीतल्या एका जमादाराचे नाव असते, आणि कथा संपते.

ही कथा मी प्रथम वाचली तेव्हा त्या शेवटच्या यादीने मला जितके हलवले तितके लहनासिंगाच्या मरणानेही हलवले नव्हते. यादीतली नोंद तंतोतंत खरी आहे. तीत एकही चूक काढता येत नाही. क्रमांक, हुद्दा, नाव, मृत्यूचे कारण, सगळे रकाने भरलेले आहेत. आणि तरीही, ज्याने आधीची पाने वाचली आहेत त्याला ती नोंद कोऱ्या कागदासारखी दिसते. गुलेरींनी युद्धाविरुद्ध एक शब्द उच्चारलेला नाही. त्यांनी सरकारी यादी फक्त शेवटी ठेवली. सुरुवातीला ठेवली असती तर ती माहिती झाली असती.

पण याच कथेबद्दल एक शंका गेली कित्येक वर्षे माझा पिच्छा पुरवीत आहे आणि ती येथे मांडल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. लहनासिंग शूर आहे, चतुर आहे, दिलेल्या शब्दाला जागणारा आहे. बालपणीच्या एका प्रश्नाची आठवण पंचवीस वर्षे जपणारे त्याचे मन आहे. समजा तो भित्रा असता, कांबळीवरून भांडणारा असता, आणि बरगडीतल्या गोळीऐवजी कुतच्या वेढ्यातल्या शेकडो शिपायांप्रमाणे आमांशाने मेला असता, तर त्या यादीपाशी आपला कंठ दाटून आला असता काय? आला नसता, तर मग कथेने केले ते इतकेच की खुर्द्यातले एक नाणे उचलले, घासूनपुसून लख्ख केले, आणि ही वस्तुतः मोहर होती, चुकून तिकडे पडली होती, असे आपल्याला दाखवून दिले. पेढीवाल्याचा भाव तिने कायमच ठेवला. नाण्याची जात तेवढी बदलली.

आयर्लंडच्या लिअम ओ’फ्लॅहर्टी याची ‘द स्नायपर’ ही १९२३ सालची कथा याहून सरळ अशी फशी पडलेली मला दिसते, आणि ती जगभर पाठ्यपुस्तकांत नेमली जाते म्हणून तिच्याबद्दल थोडे कठोर बोललेच पाहिजे. डब्लिनमध्ये यादवी चालली आहे. एका गच्चीवर एक निशाणबाज, समोरच्या गच्चीवर दुसरा. युक्तीने पहिला दुसऱ्याला टिपतो, कुतूहलाने खाली जातो, रस्त्यात पडलेले प्रेत उलथे करतो, आणि तो निघतो त्याचा सख्खा भाऊ. वर्गात येथे मुले हमखास उसासा टाकतात. मला मात्र विचारावेसे वाटते की ते प्रेत भावाचे नसते, कोण्या परक्या आईच्या मुलाचे असते, तर ती हत्या काय स्वस्त पडली असती? योगायोगाच्या धक्क्याने युद्धाचा निषेध करणारी कथा नकळत हेच कबूल करून बसते की नात्यातल्या माणसावाचून मृत्यूला किंमत नाही. आणि गंमत पाहा, त्याच कथेत त्याच्या आधी एक म्हातारी बाई मरते. डोक्यावरून फाटकी शाल घेतलेली ती बाई चिलखती मोटारीतल्या शिपायाला गच्चीकडे बोट करून काही सांगते, निशाणबाज तिच्यावर गोळी झाडतो, ती किंकाळी फोडून गटारात कोसळते. तिचे प्रेत कोणीही उलथून पाहत नाही. निशाणबाज नाही, लेखक नाही, आणि वर्गातला उसासा टाकणारा विद्यार्थी तर मुळीच नाही. ती कोणाची बहीण होती, पैसे घेऊन चहाडी करीत होती की मुलगा दुसऱ्या पक्षात होता म्हणून, हे काही आपल्याला कळत नाही. त्या कथेतला खुर्दा ती आहे. कथा तिच्याविषयी असती तर!

तसली कथा एका जर्मन तरुणाने लिहिली. वोल्फगांग बोर्शर्ट हा हॅम्बुर्गचा. रशियाच्या आघाडीवर पाठवला गेला, तेथून आजारी होऊन परतला, नाझींच्या तुरुंगात दोनदा जाऊन आला, आणि १९४७ च्या नोव्हेंबरात, आपल्या नाटकाचा पहिला प्रयोग हॅम्बुर्गला होण्याच्या आदल्या दिवशी, सव्विसाव्या वर्षी बाझल येथे मरण पावला. त्याची ‘पाव’ नावाची कथा दोन-तीन पानांची आहे. रात्री अडीच वाजता एका वृद्ध स्त्रीला जाग येते. बाजूच्या अंथरुणावर हात फिरवते तो ते रिकामे. स्वयंपाकघरात नवरा उभा आहे, टेबलावर पावाची बशी, शेजारी सुरी, आणि रोज निजण्यापूर्वी ती झटकून स्वच्छ करीत असलेल्या टेबलपोसावर पावाचे कण. एकोणचाळीस वर्षांचा त्यांचा संसार. पाव शिधापत्रिकेवर मोजून मिळण्याचे ते दिवस, आणि त्याने रात्री चोरून एक तुकडा खाल्ला आहे. तो म्हणतो, काही वाजल्यासारखे वाटले म्हणून आलो. ती म्हणते, हो, मलाही वाटले. तिला त्याच्या खाण्याचे दुःख नाही. एकोणचाळीस वर्षांनंतर हा आपल्याशी खोटे बोलतो, आणि तेही इतके केविलवाणे, हे तिला सोसवत नाही. म्हणून बशीकडे नजर जाऊ नये यासाठी तीच दिवा मालवते, बाहेरचे पन्हळ वाजले असेल असे म्हणून त्याच्या खोट्याला आपल्या पदरचा टेकू देते. अंथरुणावर पडल्यावर अंधारात तो हळूहळू चघळीत असल्याचे तिला ऐकू येते. आपण जागे आहोत हे त्याला कळू नये म्हणून ती मुद्दाम संथ, खोल श्वास घेत राहते. दुसऱ्या दिवशी रात्री त्याच्या ताटात ती रोजच्या तिनांऐवजी चार तुकडे वाढते आणि सांगते, मला हा पाव नीट पचत नाही.

संबंध कथेत युद्ध हा शब्द नाही. कोणी मेलेले नाही, कोणी शूर नाही, कोणाचे नावसुद्धा लेखकाने दिलेले नाही. आणि तरीही मला युद्धाची किंमत एवढ्या अचूकपणे तोलून दाखवणारी दुसरी कथा माहीत नाही. येथे तागडीत पडले आहे ते एका तुकड्याएवढे वजन. त्या वजनाने एक सच्चा माणूस खोटारडा झाला आणि त्याची बायको त्या खोट्यात भागीदार झाली; शिवाय उद्यापासून रोज एक तुकडा कमी खाण्याचा तिने पत्करलेला उपास कोणत्याही यादीत, कोणत्याही पाटीवर, कोणत्याही अहवालात येणार नाही. बोर्शर्टने नाणे घासले नाही. तांब्याचे तांबेच ठेवून ते आपल्या तळहातावर ठेवले. आपल्याकडे ‘मला भूकच नाही गं’ असे म्हणून शेवटची भाकर लेकरांच्या ताटात सारणाऱ्या बाईला हे समजावून सांगावे लागत नाही. बहात्तरच्या दुष्काळात ते घरोघर चालले होते. फरक एवढाच की दुष्काळ आभाळातून आला असे म्हणता तरी येते.

हेमिंग्वेची ‘पुलावरचा म्हातारा’ ही १९३८ सालची स्पेनमधली गोष्ट याच जातीची, आणखी आटोपशीर. गाव सोडून बारा किलोमीटर चालत आलेला शहात्तर वर्षांचा म्हातारा पुलापाशी बसून राहिला आहे आणि मागे सोडलेल्या आपल्या जनावरांचा हिशेब सांगतो आहे: दोन बकऱ्या, एक मांजर, कबुतरांच्या चार जोड्या. मांजराची काळजी नाही, ते आपले पोट भरील, कबुतरांच्या खुराड्याचे दार उघडे ठेवले आहे, पण बकऱ्या? ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचे लक्ष शत्रूची तुकडी केव्हा दिसते याकडे. एका बाजूला सैन्यांची मोजणी चालू असताना दुसऱ्या बाजूला स्वतः खुर्दा आपला खुर्दा मोजीत बसला आहे, आणि त्याच्या हिशेबात एक कवडीचीही चूक नाही.

मग यावर उपाय म्हणजे नावे कोरणे, असे कोणी म्हणेल. बसऱ्याच्या भिंतीविषयी मी जे लिहिले त्यावरून माझाही कल तिकडेच आहे असे वाटेल, आणि तो आहेही. परंतु नाव कोरल्याने काम भागत नाही याची साक्ष ज्याने दिली तो लेखक मुंबईत जन्मलेला, साम्राज्याचा भाट म्हणून आपण ज्याला योग्य कारणांसाठी नावे ठेवतो तो रड्यार्ड किपलिंग. त्याच्या मुलाची दृष्टी अधू म्हणून सैन्यात प्रवेश मिळेना, तेव्हा बापाने वशिला लावून त्याला भरती करवले. सप्टेंबर १९१५ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तो लूसच्या लढाईत नाहीसा झाला, आणि किपलिंगच्या हयातीत त्याच्या थडग्याचा पत्ता लागला नाही. पुढे किपलिंग युद्धसमाधींच्या त्या आयोगाचा साहित्यविषयक सल्लागार झाला; अनोळखी मृतांच्या शिळांवर काय शब्द असावेत हे त्याने ठरवले. ज्या आयोगासाठी तो शब्द निवडीत होता, बसऱ्याच्या भिंतीवर आकडे घालणारा आयोग तोच, ही विसंगती त्याला जाणवली असेल काय, असा विचार मनात येतो.

त्याने १९२५ साली लिहिलेल्या ‘द गार्डनर’ या कथेत हेलन टरेल ही प्रतिष्ठित अविवाहित स्त्री आपल्या मृत भावाचा म्हणून सांगितलेला मुलगा वाढवते, तो युद्धात मरतो, आणि युद्धानंतर ती बेल्जममधल्या अफाट दफनभूमीत त्याचे थडगे शोधायला जाते. एकवीस हजार थडगी. येथे नाव आहे, हुद्दा आहे, ओळ आणि क्रमांक आहे. दप्तर चोख आहे. नव्याने रोपे लावीत असलेला एक माणूस तिला विचारतो, कोणाला शोधता आहात? ती आयुष्यभर सर्वांना दिलेले उत्तर देते, माझ्या पुतण्याला. तो माणूस अपार करुणेने तिच्याकडे पाहतो आणि तुमचा मुलगा कोठे आहे ते दाखवतो, असे म्हणून पुढे चालू लागतो. जाताना तिला वाटते की हा माळी असावा. बायबल जाणणाऱ्या वाचकाला तो कोण हे कळते. तिला कळत नाही. नाव अचूक कोरले होते, नाते खोटे कोरले होते, आणि ते खोटे लोकलाजेने तिच्याकडूनच वदवून घेतले होते. माझ्या मते किपलिंगने लिहिलेली ही सर्वोत्तम कथा आहे, आणि ती त्याच्या सगळ्या रणगीतांना एका वाक्यात खोडून टाकते.

मंटोने तर नावाचीच थट्टा मांडली. ‘टिटवालचा कुत्रा’ ही त्याची कथा १९४८ च्या काश्मीर लढाईतली. दोन टेकड्या, दोन मोर्चे, मध्ये एक भटका कुत्रा. हिंदी शिपाई त्याच्या गळ्यात एक नाव लिहून पुठ्ठ्याचा तुकडा बांधतात, पाकिस्तानी शिपाई दुसरे नाव बांधून परत पाठवतात, आणि मग दोन्हींकडच्या गोळ्यांच्या खेळात तो मरतो. त्याच्या मरणाला एक पक्ष हौतात्म्य म्हणतो, दुसरा कुत्र्याची मौत. नाव गळ्यात बांधणाराही तोच आणि गोळी घालणाराही तोच, असे असेल तर नाव कशाला हवे, असा हा मंटोचा तिरकस प्रश्न आहे आणि त्याला माझ्याजवळ समाधानकारक उत्तर नाही.

मराठी लघुकथेत मला बसऱ्याचा शिपाई फारसा भेटला नाही, ही खंत येथे नोंदवतो. पोवाडा आणि बखर यांचा एवढा वारसा असलेल्या, तीन पलटणी कुतच्या वेढ्यात बसवलेल्या समाजाची कथा त्या काळात बहुतांशी पांढरपेशा दिवाणखान्यात रमली होती, आणि चावडीवर पाटी लागलेल्या गावांतून लेखक यायला अजून अवकाश होता. अपवाद म्हणून विश्राम बेडेकरांच्या १९३९ सालच्या ‘रणांगण’कडे बोट दाखवता येते, पण ती कादंबरी, लहानखुरी असली तरी, आणि तिच्यातले रणांगण म्हणजे जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यूंना घेऊन पूर्वेकडे निघालेली एक बोट. एकही तोफ न धडाडणाऱ्या त्या पुस्तकाला हे नाव देण्यात बेडेकरांनी जे शहाणपण दाखवले ते बोर्शर्टच्या जवळचे आहे. आक्का मात्र कोणाच्याच कथेत आल्या नाहीत.

आक्कांना पेन्शन होती. ती फार नव्हती, पण दरसाल तालुक्याच्या कचेरीत जाऊन आपण जिवंत असल्याचे सिद्ध केल्याखेरीज ती मिळत नसे. त्याला हयातीचा दाखला म्हणत. मी चौथीत असताना एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो, कारण अर्जावर अंगठा कोठे उठवायचा हे दाखवायला साक्षर माणूस हवा होता आणि आमच्या घरात त्या दिवशी रिकामा साक्षर मीच होतो. कारकून नवा होता. त्याने नोंदवही उघडली, पलटणीचा क्रमांक आणि शिपायाचा क्रमांक मोठ्याने वाचला, आणि ओळख पटवण्यासाठी म्हणून आक्कांना नवऱ्याचे नाव विचारले. आक्का गप्प. त्याने पुन्हा विचारले. मी मध्येच नाव सांगायला तोंड उघडले तेव्हा तो म्हणाला, तू नाही, बाईंनी स्वतः सांगायला हवे, नियम आहे. त्या काळच्या बाईने नवऱ्याचे नाव उच्चारायचे नसते, ते घ्यायचे तर उखाण्यातून. आणि विधवेला उखाणा कोण घालणार, हळदीकुंकवाला तिला बोलावतो कोण? नवरा बसऱ्यास राहिला त्याला तेव्हा चाळीस वर्षे होत आली होती, तेवढ्या वर्षांत ते नाव तिच्या तोंडून निघाले नसावे. मागे रांगेत कोणी तरी खाकरले. कारकुनाने टाक दौतीत बुडवून तसाच धरला होता आणि टाकाच्या टोकावर शाईचा थेंब जमत होता. मग आक्कांनी पदर डोक्यावरून सारखा केला, भिंतीकडे तोंड फिरवले, आणि लग्नातल्या नव्या नवरीच्या लयीत, अगदी हलक्या आवाजात, उखाणा म्हणायला सुरुवात केली.